२०३९ ची अट: अणुइंजिनांवरचा एक अहवाल कसा वाचावा

संशोधनाच्या तयारीला लागलात की पहिल्या वर्षभरात सगळ्यात जास्त वाचन शोधनिबंधांचं होईल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बराच वेळ मोठ्या समित्यांच्या अहवालांवर जातो. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर 'हा विषय महत्त्वाचा का' हे लिहायचं असतं आणि त्यासाठी अहवालातलं एखादं वाक्य फार सोयीचं पडतं. अडचण एवढीच, की वाक्य उचलताना त्याला जोडलेली अट बऱ्याचदा तिथेच राहून जाते.

आज असा एक अहवाल घेऊ. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी नासाच्या विनंतीवरून २०२१ मध्ये तो काढला: 'स्पेस न्यूक्लियर प्रोपल्शन फॉर ह्यूमन मार्स एक्सप्लोरेशन'. माणसांना मंगळावर नेणाऱ्या यानाला अणुशक्तीवर चालणारं इंजिन लावायचं तर काय काय करावं लागेल, याची ही छाननी आहे. मोफत उतरवून घेता येतो, तेव्हा सबब नाही, वाचाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अहवालातली तांत्रिक छाननी उत्तम आहे. पण दोन प्रकारच्या इंजिनांमध्ये जो उजवा-डावा ठरतो, तो भौतिकशास्त्राने कमी आणि कॅलेंडरने जास्त ठरतो. अहवाल ही गोष्ट लपवत नाही. त्याचा हवाला देणारे मात्र ती विसरतात, आणि त्याचा फटका बसतो तो त्या हवाल्यावर विसंबून विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला.

आधी ही दोन इंजिनं काय आहेत ते बघू

पहिलं अणु-औष्णिक इंजिन. यात जाळायचं काहीच नसतं. अणुभट्टीच्या गाभ्यातल्या अरुंद नळ्यांमधून हायड्रोजन सोडायचा, तो तापतो, आणि नॉझलमधून वेगाने बाहेर पडतो. दुसरं अणु-विद्युत इंजिन. यात अणुभट्टीच्या उष्णतेपासून वीज तयार करायची आणि त्या विजेने आयन वेगात फेकायचे. इथे वायू बाहेर पडण्याचा वेग फार मोठा, पण धक्का अगदी हलका. म्हणून हे इंजिन महिनोन्‌महिने चालवावं लागतं, आणि अहवालातल्या मोहिमेत त्याच्या जोडीला रासायनिक इंजिनही धरलेलं आहे.

इंजिनांची तुलना करताना सगळे विशिष्ट आवेग सांगतात, म्हणजेच आयएसपी. हायड्रोजन-ऑक्सिजन जाळणाऱ्या चांगल्या इंजिनाचा आयएसपी साधारण ४५० सेकंद आणि अणु-औष्णिक इंजिनाचा साधारण ९००. म्हणजे दुप्पट. इथे बहुतेकांची समजूत होते की अणुभट्टी जास्त गरम असते म्हणून हा आकडा दुप्पट. तसं नाहीये. रासायनिक इंजिनात ज्वलन साधारण ३,५०० केल्विनला होतं. अहवालाने अणु-औष्णिक इंजिनासाठी धरलेलं तापमान आहे सुमारे २,७०० केल्विन. म्हणजे अणुइंजिनातून बाहेर पडणारा वायू उलट थंडच म्हणायचा! फायदा येतो तो वायूच्या हलकेपणातून. बाहेर पडण्याचा वेग साधारणपणे तापमान भागिले रेणूभार याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. रासायनिक इंजिनातून मुख्यतः पाण्याची वाफ आणि थोडा न जळलेला हायड्रोजन बाहेर पडतो, सरासरी रेणूभार १३-१४ च्या घरात. अणुइंजिनातून नुसता हायड्रोजन, रेणूभार २. वहीत भागाकार करून बघा, दुपटीच्या आसपास उत्तर येईल.

आता याची दुसरी बाजू. ज्या हलकेपणामुळे फायदा झाला, त्याच हलकेपणामुळे टाकी फुगते. द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला फक्त ७१ किलो. सहास एक प्रमाणातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीची सरासरी घनता ३६० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वजनाला पाचपट जागा. शिवाय तो हायड्रोजन २० केल्विनला, म्हणजे उणे २५३ अंशाला, महिनोन्‌महिने सांभाळायचा.

याचा परिणाम एका छोट्या हिशोबाने बघू. समजा १०० टनाच्या यानाचा वेग सेकंदाला ४ किलोमीटरने वाढवायचा आहे. रॉकेट समीकरणात घातलं तर ४५० सेकंदांच्या इंजिनाने शेवटी ४० टन उरतात, ९०० च्या इंजिनाने ६४ टन. फायदा २४ टनांचा. पण या उरलेल्या वजनात टाकी आणि इंजिनही मोजलेलं आहे. आता केवळ उदाहरणासाठी मानू, की रासायनिक यानाची टाकी ६ टन आणि इंजिन १ टन. अणुयानाची फुगलेली टाकी ९ टन, आणि अणुभट्टी, इंजिन, किरणोत्सर्ग अडवणारं कवच मिळून १० टन. मग कामाचं वजन उरलं ३३ टन विरुद्ध ४५ टन. फायदा अजून आहेच, पण २४ चा १२ झाला. हे आकडे मी मानलेले आहेत, तुम्ही वेगळे माना आणि निष्कर्ष किती हलतो ते बघा. इंजिनाभोवती रेघ ओढून मोजलं तर एक उत्तर येतं, आख्ख्या यानाभोवती ओढून मोजलं तर दुसरं.

अहवाल नेमकं काय म्हणतो

समितीने ही रेघ बरोबर यानाभोवती ओढली आहे, हे तिचं मोठं श्रेय. अणु-औष्णिक इंजिनाच्या अडचणींमध्ये ती नुसतं २,७०० केल्विन सांगून थांबत नाही. द्रव हायड्रोजन दीर्घकाळ जवळजवळ न गमावता साठवणं, थंड इंजिन मिनिटभरात पूर्ण तापमानाला आणणं, आणि मोठ्या चाचण्यांसाठी आज जमिनीवर सोयच नसणं, या गोष्टी ती त्याच पंक्तीत बसवते.

अणु-विद्युत इंजिनासाठी अहवाल धरतो एक ते दोन मेगावॉट वीज. आणि अमेरिकेने आजवर अवकाशात चालवलेली अणुभट्टी एकच, १९६५ ची स्नॅप-१०ए. ती सुमारे ५०० वॅट वीज देत ४३ दिवस चालली. म्हणजे उडी हजारोपटींची.

आता ते वाक्य, जे सगळीकडे फिरतं. त्याचा सारांश असा: नेटाने कार्यक्रम राबवला तर अणु-औष्णिक इंजिन २०३९ च्या मोहिमेसाठी तयार होऊ शकेल. अणु-विद्युत इंजिनात मात्र गेली कित्येक दशकं पैसा कमी आणि तुटक आल्यामुळे, नेटाने प्रयत्न करूनही ते २०३९ ला तयार होईल का हे सांगता येत नाही. याच्या जोडीला समिती आणखी एक गोष्ट नोंदवते, ती मात्र फारशी फिरत नाही: या दोन इंजिनांची समान निकषांवर केलेली अलीकडची तुलना उपलब्धच नाही.

ही दोन विधानं शेजारी ठेवून बघा. समान निकषांवरची तुलना नाही, तरी एक पुढे आणि एक मागे. मग ते पुढे-मागे ठरलं कशावर?

पहिला आक्षेप: प्रश्न कोणी घातला

समितीला प्रश्न नासाने घालून दिला होता. २०३९ मध्ये माणसं निघणार, सामानाची यानं २०३३ पासून, आणि पूर्ण फेरी दोन वर्षांच्या आसपास संपवायची. मंगळाच्या मोहिमा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एकात ग्रहांची सोयीची स्थिती येईपर्यंत मंगळावर वर्षाहून जास्त काळ थांबायचं, मग ऊर्जा कमी लागते आणि रासायनिक इंजिनानेही भागू शकतं. दुसऱ्यात मंगळावर थोडेच दिवस थांबून गैरसोयीच्या वाटेने परत फिरायचं, तिथे ऊर्जा फार लागते. अहवालाची मूळ मोहीम दुसऱ्या प्रकारची आहे.

हा प्रकार निवडण्यात गैर काही नाही. माणूस अवकाशात कमी दिवस राहिला तर किरणोत्सर्गाचा धोका कमी, हे कारण रास्तच आहे. पण अणुइंजिनाशिवाय मंगळ अवघड आहे, हा निष्कर्ष तुम्ही या अहवालाच्या नावावर लिहिणार असाल, तर लक्षात घ्या की तो बराचसा मोहिमेच्या निवडीतच बसलेला होता. समितीने तो शोधून काढलेला नाही.

दुसरा आक्षेप: तारखेला गुण मानलं गेलं

समजा प्रश्नातली तारीख २०३९ ऐवजी २०५५ असती. अणु-विद्युत इंजिनाची भौतिकी बदलली असती का? अजिबात नाही. अणु-औष्णिक इंजिनाला हायड्रोजन कमी लागला असता का? तोही नाही. बदललं असतं ते फक्त 'वेळेत होईल का' याचं उत्तर. तेव्हा अहवालातलं ते वाक्य वेळापत्रकाबद्दलचं आहे. त्याचा उपयोग 'कोणतं इंजिन चांगलं' या प्रश्नाला उत्तर म्हणून होत असेल तर तो चुकीचा उपयोग आहे.

यात समितीचा दोष किती? माझ्या मते थोडा आहे. दिलेल्या तारखेला धरून उत्तर देणं हे तिचं कामच होतं. पण तारीख पाच-दहा वर्षांनी सरकली तर निष्कर्ष किती बदलेल, हा सर्वांत आधी मनात येणारा प्रश्न तिने ठळकपणे पुढे ठेवायला हवा होता. मंगळाच्या मोहिमांच्या तारखा आजवर कितीदा सरकल्या आहेत हे पाहता ती केवळ कल्पनेतली शक्यता नव्हती.

तिसरा आक्षेप: वारशाचा हिशोब

अणु-औष्णिक इंजिन पुढे दिसतं त्यामागे एक जुना कार्यक्रम आहे. अमेरिकेने तो १९५५ मध्ये रोव्हर आणि पुढे नर्वा या नावाने हाती घेतला, आणि नंतर नेवाडाच्या वाळवंटात अशी इंजिनं खरोखर चालवली. १९६७ मध्ये एनआरएक्स-ए६ ही अणुभट्टी १,१०० मेगावॉटच्या आसपास सुमारे तासभर चालली. १९६८ मध्ये फीबस-२ए ने ४,००० मेगावॉट ओलांडले. १९७३ मध्ये कार्यक्रम बंद झाला, आणि एकही इंजिन उडालं नाही. यावरून एक लोकप्रिय कथा तयार झाली: तंत्रज्ञान तयार होतं, राजकारण्यांनी मारलं.

या कथेत एक गोष्ट निसटते. १९६२ च्या नोव्हेंबरात किवी-बी४ए ही अणुभट्टी चालवली तेव्हा नॉझलमधून झगझगीत ठिणग्या बाहेर पडू लागल्या. त्या होत्या फुटलेल्या गाभ्याच्या तुकड्यांच्या. कारण काय? अणुभौतिकीत कुठेच चूक नव्हती. वायूच्या प्रवाहामुळे इंधनकांड्या थरथरत होत्या. मग युरेनियम न घालता, नुसता थंड वायू सोडून गाभ्याच्या चाचण्या घेतल्या, थरथर पकडली, रचना बदलली, आणि १९६४ मध्ये पुढची अणुभट्टी शाबूत राहिली. नर्वाचा खरा वारसा मला हा वाटतो: पूर्ण आकाराचं यंत्र जमिनीवर चालवा, फुटू द्या, का फुटलं ते शोधा.

हा वारसा आज आपल्या हातात आहे का? त्या काळी बाहेर पडणारा वायू सरळ आकाशात सोडत. आज तसं करता येत नाही. तो पकडून शुद्ध करणारी मोठी सोय उभारावी लागेल. तेव्हाचं इंधन ग्राफाइटमधलं आणि अतिसमृद्ध युरेनियमचं होतं. आता कमी समृद्ध इंधनाचा पर्याय चर्चेत आहे, आणि त्याने गाभ्याची मांडणीच बदलते. आलेखांच्या फायली उरल्या. माणसं, कारखाने, चाचणीची जागा गेली. अहवालाला हे माहीत आहे. लहान आकाराचं इंजिन अवकाशात उडवून बघणं हे जमिनीवरच्या पूर्ण आकाराच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. माझ्या मते आख्ख्या अहवालातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष. पण तो खरा मानला तर 'नेटाने केलं तर २०३९' मधला 'नेटाने' हा शब्द केवढा जड होतो!

निधी का आटतो? जहाजांकडे बघा

पैसा कमी आणि तुटक आला, असं अहवाल म्हणतो. तो तसा का येतो? अवकाशातली उदाहरणं फार थोडी, तिथे उत्तर शोधणं कठीण. पाण्यावर मात्र अणुइंजिनांचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

जानेवारी १९५५ मध्ये नॉटिलस ही पाणबुडी अणुशक्तीवर निघाली. त्याआधी १९५३ मध्येच तिच्या अणुभट्टीची प्रतिकृती आयडाहोमध्ये जमिनीवर चालू झाली होती. आपल्याकडेही हाच क्रम दिसतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेली पाणबुडीची अणुभट्टी आधी कल्पाक्कमला जमिनीवर चालली. अरिहंतवरची अणुभट्टी २०१३ मध्ये सुरू झाली ती त्यानंतर. पाणबुडीला अणुभट्टीचं आकर्षण का, हेही सरळ आहे. डिझेलला हवा लागते, अणुभट्टीला लागत नाही. दिवसेंदिवस पाण्याखाली वेगाने फिरायचं तर याला तोडीचा पर्याय नव्हता. रशियन बर्फफोडी जहाजांचंही तेच. १९५९ च्या लेनिनपासून ही परंपरा चालू आहे, कारण आर्क्टिकच्या बर्फात महिनोन्‌महिने तेल भरायला जाणार कुठे?

आता मालवाहू जहाजं बघा. अमेरिकेचं सव्हाना १९६२ मध्ये सेवेत आलं. अणुभट्टी व्यवस्थित चालली. पण जहाज दिमाखदार आकाराचं, निम्मं प्रवाशांसाठी, माल चढवायला अडचणीचं, खलाशी जास्त आणि खास प्रशिक्षण दिलेले. शेजारचं तेलावरचं जहाज तोच माल स्वस्तात नेत होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सेवेतून गेलं. जर्मनीचं ओटो हान १९६८ ते १९७९ नीट चाललं, मग अणुभट्टी काढून डिझेल बसवलं. जपानचं मुत्सु तर १९७४ मध्ये पहिल्याच चाचणीत अडकलं. पूर्ण शक्तीच्या दोन टक्क्यांहून कमी पातळीवर असताना कवचातून किरणोत्सर्ग बाहेर आला, मच्छीमारांनी बंदरात येऊ दिलं नाही, आणि जहाज दीड महिन्याहून जास्त समुद्रातच राहिलं.

या सगळ्यात इंजिन जमलं की नाही, एवढ्यावर काही ठरलं नाही. ज्या गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता, तिथे अणुइंजिन टिकलं आणि पैसाही येत राहिला. जिथे पर्याय होता, तिथे चांगलं चाललेलं इंजिनही काढून टाकलं गेलं. मंगळाच्या यानाला याच कसोटीवर लावून बघा. पर्याय नाही असं म्हणावं, तर ते वर पाहिलेल्या छोट्या मुक्कामाच्या अटीवर अवलंबून आहे. अट सैल झाली की पर्याय उभा राहतो. निधी तुटक येण्यामागे मला हे कारण दिसतं, आणि अहवाल या खोलात जात नाही.

आणि मग ड्रॅको

अहवालानंतर काय झालं हेही बघायला हवं. अणु-औष्णिक इंजिन अवकाशात चालवून दाखवायचा ड्रॅको हा प्रकल्प अमेरिकेच्या डार्पाने घेतला, २०२३ मध्ये नासा त्यात आली, उड्डाणाचं लक्ष्य ठेवलं २०२७. २०२५ मध्ये प्रकल्प गुंडाळला. प्रक्षेपणाचा खर्च उतरला आणि नव्या विश्लेषणात फायदा पूर्वीइतका दिसेना, असं कारण डार्पाकडून सांगण्यात आलं. वरचा बारा टनांचा हिशोब आठवा. वजन वर नेणं महाग असतं तेव्हा बारा टन म्हणजे सोनं. स्वस्त झालं की तेच बारा टन आणखी एका रॉकेटने पाठवता येतात. पर्याय आला, गिऱ्हाईक गेलं. सव्हानाचीच गोष्ट.

मग तुम्ही काय करायचं

या विषयात काम करायची इच्छा असेल तर माघार घेऊ नका. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तेवढ्या वेळात परदेशातला एखादा प्रकल्प जन्मतो आणि मरतोही. म्हणून विषय निवडताना स्वतःला विचारा: हा प्रकल्प उद्या बंद पडला तर माझा प्रश्न जिवंत राहील का?

२०३९ च्या यानासाठी सर्वोत्तम मार्ग काढणं, हा प्रश्न तारखेसोबत संपतो. अरुंद नळीत तापणाऱ्या हायड्रोजनचं उष्णता-वहन, प्रवाहामुळे इंधनकांड्यांची होणारी थरथर, २,७०० केल्विनला हायड्रोजनमध्ये टिकणारी द्रव्यं, द्रव हायड्रोजनची दीर्घ साठवण, हे प्रश्न संपत नाहीत. इंधनकांड्यांची थरथर वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांनाही छळते. द्रव हायड्रोजन आपल्या इस्रोच्या क्रायोजेनिक इंजिनांतही आहेच. असा प्रश्न घेतलात तर तुमचं काम वाचणारा कोणीतरी नेहमी राहील.

आणि कोणताही अहवाल प्रस्तावात वापरण्याआधी एवढं करा. निष्कर्षांची पानं छापून घ्या आणि 'जर', 'तर', 'या मोहिमेसाठी', 'या तारखेपर्यंत' असे शब्द जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलने रेघ मारा. समितीला प्रश्न कोणी आणि काय घालून दिला, ते मार्जिनमध्ये एका ओळीत लिहा. मग जे वाक्य उचलायचं असेल ते त्याच्या अटीसकट उचला. वाक्य लांब होईल, होऊ दे. मुलाखतीत परीक्षकाने '२०३९ च का?' असं विचारलं, तर उत्तर तुमच्याकडे आधीच लिहिलेलं असेल.